कोपरची सुईवाली

माझा गाळा बघायला जो येतो तो आधी वर बघतो. पत्रा गळतो का, पंखा कुठे लागेल, मीटर कोणाच्या नावावर आहे. पोंक्षे बाई आल्या त्या दिवशी त्यांनी वर बघितलंच नाही. चपला दाराबाहेर काढल्या, पिशवीतून स्टीलची वाटी काढली आणि माझ्याकडे पाणी मागितलं. मला वाटलं, उन्हाच्या आल्यात, तहान लागली असेल. बाईंनी वाटी जमिनीवर मधोमध ठेवली, काठोकाठ भरली आणि स्वतः फरशीवर पालथ्या पडल्या. गाल फरशीला, डोळा पाण्याच्या पातळीला. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगाची, कॉलेजात शिकवत असेल असं वाटणारी बाई. मी दारात उभा. येणारा-जाणारा आत डोकावतोय आणि मला विचारतोय, नाना, चक्कर आली काय यांना?

"गाडी कधी येईल?" बाईंनी पडल्या पडल्या विचारलं.

आमच्या कोपरला वरून एक लाईन जाते, खालून एक. मी म्हटलं, बाई, गाडी कधी येत नाही ते विचारा. तेवढ्यात वरून मालगाडी गेली. वाटीतल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या. बाई उठून बसल्या, गालाची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "जागा वाईट आहे. पण प्रामाणिक आहे. हलायच्या आधी सांगते."

आणि गाळा घेतला. ठाण्यापासून शहाडपर्यंत जागा बघत आलेल्या. कुठे रस्त्यावर ट्रक, कुठे डोक्यावर जिम, वजनं आपटणारी पोरं. सगळीकडे वाटी ठेवून झालेली.

मी हे लिहितोय त्याला कारण आहे. बाईंचं नाव झाल्यापासून आमच्याकडे जो तो सांगतो की मी त्यांना ओळखायचो. एकही ओळखत नव्हता. सगळे ‘सुईवाली’ म्हणायचे आणि डोक्याजवळ बोट फिरवायचे. ओळखत मी होतो. मी कोपरचा मूळचा आगरी. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर, आणि माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत मास्तर आणि मी यांच्यातला एकच जण वर्गात राहू शकत होता, तर मास्तर राहिले. म्हणून शुद्धलेखन कोणी तपासू नये. गोष्ट तपासा, ती बरोबर आहे.

बाई डोंबिवली पूर्वेच्या. घरात सगळे शिकलेले, नोकरीवाले. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत त्यांनी उमेदीची वर्षं काढलेली. तिथे त्यांचं त्यांच्या साहेबांशी वाजलं. कशावरून, तर एका सुईवरून.

ती सुई मी बघितली आहे. म्हणजे बघितली नाही, ती बघता येतच नाही. काचेची नळी घ्यायची, उदबत्तीच्या काडीएवढी. एका छोट्या मशीनमध्ये दोन्ही टोकांना धरायची, मध्ये लेसरने तापवायची आणि खस्सकन ओढायची. काच ताणत जाते, बारीक होत जाते आणि तुटते. तुटल्या जागी दोन सुया. आपल्याला जिथे टोक संपल्यासारखं वाटतं तिथून पुढे ती अजून असतेच. बाई म्हणाल्या, नाना, तुमच्या एका केसाच्या जाडीत अशी हजार टोकं शेजारी शेजारी बसतील. मी म्हटलं, बाई, माझ्या डोक्यावर केस शोधण्यातच तुमचा दिवस जाईल. त्या हसल्या नाहीत. सुईच्या बाबतीत त्या हसत नसत.

ही सुई कशाला, तर एकच पेशी टोचायला. आपलं अंग ज्या बारीक बारीक जिवंत कणांचं झालेलं असतं त्यातला एक कण म्हणजे पेशी. तिच्यातून रसाचा इवलासा थेंब ओढायचा, सुई काढून घ्यायची, आणि पेशीला कळूही द्यायचं नाही. ती जगली पाहिजे, उद्या परत टोचता आली पाहिजे. कॅन्सरच्या गाठीत म्हणे सगळ्या पेशी सारख्या नसतात. औषधाने बाकीच्या मरतात, एखादी पठ्ठी मरत नाही, आणि पुढे तीच घात करते. बाईंना त्या एकीला विचारायचं होतं, तू का मेली नाहीस? आणि विचारता विचारता ती मेली तर उत्तर कोण देणार?

साहेबांचं म्हणणं, टोचलेली पेशी मरते. लगेच नाही मेली तर दुपारी मरते. बाईंचं म्हणणं, तुमची मरते, माझी मरणार नाही. एवढ्यावर बाईंनी संस्था सोडली, पण सुई टोचायचं मशीन सोडलं नाही. मशीन संस्थेचं. भांडून भांडून मुदतीवर मागून आणलेलं. मुदतीत साहेबांच्या डोळ्यांदेखत करून दाखवलं तर बाईंकडे राहणार, नाही तर टेम्पो येऊन घेऊन जाणार. दुसरं मशीन मिळण्यातलं नव्हतं, आणि त्या वयात दुसरी संधी कोण देतो. एवढं सगळं घेऊन त्या माझ्या गाळ्यात आलेल्या.

आता गंमत ऐका. एवढ्या बारीक सुईची ही बाई, आणि तिचे हात थरथरायचे. लहानपणापासून. चहाचा कप तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा चहा बशीत. आपल्या साध्या सुईत दोरा ओवता येत नसे. कुर्त्याचं बटण तुटलं की शेजारी माझ्या बहिणीसमोर येऊन मुकाट्याने उभ्या राहायच्या. संस्थेत कोणीतरी म्हणालेलं, हे काम तुमच्या हाताचं नाही. मग बाईंनी हाताला ते काम दिलंच नाही. मशीनमध्ये एक चकती आहे, तिला वीज दिली की ती कणभर फुगते, आणि जेवढी फुगते तेवढीच सुई पुढे सरकते. बाई फक्त बटण दाबायच्या.

"माझा हात हलतो म्हणून मला हलणं कळतं," त्या म्हणायच्या. "ज्यांचा हात स्थिर असतो त्यांना वाटतं, जगच स्थिर आहे."

सुई खाली उतरायला लागली की पंखा बंद, एसी बंद, बोलणं बंद. पायात नुसते मोजे. बांगडी नाही, घड्याळ नाही. एप्रिलच्या उकाड्यात कपाळावरून घाम ओघळतोय, पण पुसायचा नाही. कोणी दार आपटलं तर त्या अशा बघायच्या की आपटणाऱ्याने परत येऊन हळू लावून दाखवावं. मी जन्मात कोणासाठी दार हळू लावलं नव्हतं. माझा गाळा, माझं दार, मी आपटीन नाही तर तोडीन. पण बाईंचं दार मी हळू लावायला लागलो, आणि मग सवयीने घरचंही. बायको घाबरली. म्हणाली, बरं वाटत नाही काय तुम्हाला?

पेशींबद्दल बोलायच्या ते घरच्या माणसांबद्दल बोलावं तसं. आज रुसल्यात. आज खूश आहेत, पाय पसरून बसल्यात. खरंच, पडद्यावर त्या पाय पसरलेल्याच दिसायच्या, ओसरीवर दुपारी बायका बसतात तशा. एखादी मेली की बाई म्हणायच्या, "चूक माझी. तिची नाही." सुरुवातीला बऱ्याच मेल्या. बाई सुई बदलायच्या, कोन बदलायच्या, परत बसायच्या. हट्टी माणूस मी खूप बघितलेत, आरशात तर रोज बघतो. पण या बाईसमोर मी कच्चा.

मिठाची गोष्ट सांगायलाच पाहिजे. सुईच्या पोटात काय असतं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, मिठाचं पाणी. मी खुर्चीवरून उठलोच. भाईंदरकडे माझा भाचा अजून मिठागर बघतो, त्याच्याकडून गोणीभर खडे मीठ आणलं आणि गाळ्याच्या दारात ठेवलं. म्हटलं, बाई, आता दुकानातलं मीठ आणायचं नाही.

बाईंनी एक खडा उचलून उजेडात धरला. "नाना, यात मिठाबरोबर सगळी खाडी आली आहे. माझ्या पेशी मरतील."

माझं डोकं फिरलं. आमच्या मिठाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. मी बरेच दिवस गाळ्यासमोरून मान वळवून जायचो. मग एका दुपारी बघतो तर बाई दारात उभ्या, कैरीची फोड त्याच मिठात बुडवून खातायत. हात थरथरतोय, मीठ सांडतंय, पण खातायत मिटक्या मारत. मला बघून म्हणाल्या, पेशींना चालत नाही, मला चालतं. या आत, एक दाखवते.

पडद्यावर एक रेघ होती. सुईत नुसतं शुद्ध पाणी भरलेलं, तर रेघ तळाला, मेल्यासारखी. मग दुसरी सुई घेतली, मिठाच्या पाण्याची, तर रेघ उठून उभी राहिली. वीज मीठच वाहून नेतं. आणि सुई पेशीच्या अगदी जवळ गेली की विजेला वाट कमी पडते, रेघ खाली वाकते. म्हणजे हात न लावताच सुईला कळतं की पेशी आली. मला नीट समजलं नाही हे बाईंनी ओळखलं. म्हणाल्या, दारात माणूस उभा राहिला की घरात उजेड कमी होतो ना, तसं. तेव्हा समजलं. माझ्या बापाने जन्मभर मिठात पाय कुजवले. मीठ एवढं शहाणं असतं हे त्याला कोणी सांगितलं नाही. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की जगातली सगळ्यात बारीक सुई मिठावर चालते. ती म्हणाली, तुमचं ब्लड प्रेशर पण.

गाडीच्या धक्क्याचा बंदोबस्त बाईंनी स्वतः केला. पंक्चरवाल्याकडून स्कूटरच्या ट्यूबा आणल्या, अर्धी अर्धी हवा भरून मांडल्या, त्यावर कडाप्प्याची जाड लादी, त्यावर वाळू, वाळूवर परत लादी आणि त्यावर मशीन. पाण्याची वाटी ठेवली. वरून मालगाडी गेली, पाणी गप्प. बाईंनी पंक्चरवाल्याला मुद्दाम बोलावून ते पाणी दाखवलं. त्याला कोणी आजपर्यंत असं बोलावलं नव्हतं. म्हणाला, मॅडम, हवा कमी झाली तर फक्त आवाज द्या.

माझ्या नातवाची हळद त्याच सालची. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, आणि डीजे म्हणजे भिंतीतले खिळे निघून येतात. मी ठरवून ठेवलेलं, बाई आवाज कमी करा म्हणायला आल्या तर काय उत्तर द्यायचं. बाई आल्या. नवी साडी नेसून. म्हणाल्या, आज पेशींना सुट्टी. आणि मांडवात शिरून आमच्या बायकांबरोबर नाचल्या, दोन्ही हात वर करून. नाचताना सगळ्यांचेच हात हलतात. त्या गर्दीत त्यांचे हात कोणाला वेगळे दिसले नाहीत.

पण डीजे एका दिवसाचा. शेजारी डंक होता, तो रोजचा.

डंक म्हणजे मसाला कुटायचं मशीन. लोखंडी मुसळं वर जातात आणि धाडकन उखळात पडतात. माझी धाकटी बहीण हिरू तो चालवते. नवरा गेल्यावर तिने डंक घातला आणि दोन पोरं त्याच्यावर वाढवली. सगळा गाव तिला हिरूआत्या म्हणतो. होळी झाली की बायका मिरच्या भाजून, धने, हळकुंडं घेऊन रांगेत बसतात ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. आगरी मसाला मिक्सरमध्ये होत नाही. आणि भाजलेली मिरची थांबत नाही. खाडीची हवा लागली की सर्द होते, मग कितीही कुटा, चामडं. म्हणून हंगामात डंक बंद होत नाही. वीज गेली तरच होतो, आणि तेव्हा हिरू वीजवाल्यांच्या सात पिढ्या उद्धारते.

गाडीचा धक्का ट्यूबांनी खाल्ला. डंकाचा खाईनात. तो जमिनीतून यायचा, सावकाश आणि जड. बाई पहिल्यांदा बोलायला गेल्या तेव्हा मी हजर होतो. त्यांनी सरळ विचारलं, हिरूताई, तुमचा डंक दुसरीकडे हलवता येईल का?

"तुमची सुई हलवा ना बाय," हिरू म्हणाली. "ती हलकी हाय."

रांग हसली. बाई रागावल्या नाहीत. तोंडाला ओढणी बांधून तिथेच स्टुलावर बसल्या, शिंकत शिंकत. शेवटी हिरूनेच विचारलं, तुमी करता तरी काय त्या गाळ्यात? त्यावर बाईंनी जे सांगितलं ते मी अजून कोणालाही सांगायला तयार आहे.

"आमच्यातले लोक आजपर्यंत तुमच्यासारखंच करत आलेत. लाखो पेशी घ्यायच्या, एकत्र कुटायच्या आणि चव बघायची. मसाला कसा झाला ते कळतं. कुठली मिरची तिखट होती ते कळत नाही. मला एकच मिरची चाखायचीय. झाडाला लागलेली असताना, न तोडता."

हिरूने चिमटीत मसाला घेऊन चोळला. एका मिरचीने कोणाचं काय भागतंय, असं काहीतरी पुटपुटली. पण त्या दिवसापासून दोघींचं तोंडी ठरलं. सकाळी डंक सुरू होण्याआधीची वेळ बाईंची, नंतरची हिरूची.

अशा सकाळी जोडत जोडत बाईंनी जमवलं. आधी एक पेशी टोचल्यावर जगली, मग आणखी जगल्या. आणि मुदत संपायला आली. साहेब बघायला येणार असं ठरलं. सकाळी सातला, डंकाच्या आधी. साहेब म्हणजे ज्यांच्याशी वाजलेलं तेच.

सात वाजले, साहेब नाहीत. शिळफाट्याला ट्रेलर आडवा झालेला, दोन्ही बाजू बंद. बाई दारात उभ्या, मी दारात उभा. डंक सुरू झाला. रांग वाढत वाढत गल्लीच्या तोंडाला गेली. ऐन लग्नसराई. अकरा वाजून गेल्यावर साहेबांची गाडी आली आणि तिच्या मागोमाग संस्थेचा रिकामा टेम्पो. टेम्पो बघितल्यावर साहेब काय ठरवून आलेत ते मला कळलं. त्यांना संध्याकाळी परत जायचं होतं, पुन्हा येणार नव्हते.

बाईंनी आत जाऊन वाटी बघितली आणि बाहेर आल्या. मी म्हटलं, थांबा, मी हिरूला सांगतो, मोठा भाऊ आहे मी तिचा. बाई म्हणाल्या, नाही नाना, गरज माझी आहे, मीच मागते.

डंकासमोर उभं राहून त्या मोठ्याने बोलल्या. थोडा वेळ डंक थांबवा, आत एक पेशी आहे, तिला सुई टोचायचीय, धक्का बसला तर ती मरेल. आता डंकाच्या धडधडीत शब्द अर्धाच पोचतो. पुढचीने मागचीला सांगितलं, तिने तिच्या मागचीला, आणि गल्लीच्या तोंडाशी बातमी पोचली ती अशी की आत पेशंट आहे, ऑपरेशन चाललंय. कोनाची पोर, असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, आनि आपन हितं धाडधाड करतांव. एक म्हातारी आपली मिरचीची पाटी सोडून उठली आणि तिने हात जोडले. सगळ्या हिरूच्या मागे लागल्या, अगो बंद कर, पेशंट हाय आत.

मला बरं वाटलं. काम झालं होतं. बाईंनी आता फक्त गप्प राहायचं. मी डोळ्यांनी सांगतसुद्धा होतो.

"पेशंट नाही," बाई म्हणाल्या. "पेशी. बाई नाही, पोर नाही. माणसाच्या अंगातला एक कण, डोळ्याला दिसतही नाही. तुमची मिरची मऊ पडेल, मला माहीत आहे. तरी मागतेय."

मी कपाळाला हात लावला. मुसळं पडतायत. एका कणासाठी वर्षाचा मसाला कोण बिघडवून घेईल? हिरू बटणापाशी उभी होती. तिने तोंडावरचा टॉवेल खाली ओढला.

"जित्ती हाय ना ती?"

"आहे."

"टोचल्यावर पन जित्ती रावाला पायजे?"

"त्याच्यासाठीच सगळं."

"मंग पेशंटच झाली ना," हिरू म्हणाली, आणि बटण दाबलं.

मुसळं थांबली. हंगामात तो डंक असा मुद्दाम थांबलेला मी तेव्हाच बघितला. बायकांनी चादरी काढून मिरच्यांवर पांघरल्या, कडा पायाखाली दाबल्या, हवा लागू नये म्हणून. कोणी बोलेना. एकीचं पोर रडायला लागलं तर तिने त्याला खांद्यावर टाकून लांब नेलं.

आत साहेब म्हणाले, पेशी मी निवडणार. पडद्यावर पुष्कळ होत्या. त्यांनी कडेच्या एकीवर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, ठीक. सुई उतरायला लागली. रेघ सरळ, सरळ, सरळ, आणि मग वाकली. दारात कोणीतरी उभं राहिलं होतं. बाईंचा एक हात मांडीवर थरथरत होता, दुसरा बटणावर थरथरत होता, आणि पडद्यावर सुई अशी उभी, जशी दगडात रोवलेली. बाईंनी बटण दाबलं. सुई आत गेली, थांबली, बाहेर आली. थेंब एका नळीत गेला आणि नळी साहेबांच्या डब्यात. पेशी होती तिथेच, पाय पसरून.

बाई बाहेर आल्या आणि हिरूला म्हणाल्या, लावा डंक, आता चालेल. बायकांनी विचारलं, पेशंट कशी हाय? म्हणाल्या, आराम करतेय.

आता उरलं ते वाट बघणं. जगते का मरते. साहेब खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. डंकाच्या प्रत्येक ठोक्याला पडद्यावरचं चित्र हलत होतं, पण दिसत होतं. ज्यांचं कुटून झालं त्या बायका डबे कमरेवर घेऊन पेशंट बघायला यायच्या. कुठली, असं विचारायच्या. बाई प्रत्येकीला बोटाने दाखवायच्या. साहेबांना गर्दी नको होती, पण गाळा माझा होता.

दुपार कलली आणि पेशी आखडायला लागली. पाय ओढून घेतले, गोळा झाली, सुटल्यासारखी वर आली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही. हळू आवाजात म्हणाले, "गेली, पोंक्षे. मरताना अशाच गोल होतात." मग दारात जाऊन टेम्पोवाल्याला हात केला. टेम्पोवाला दोर घेऊन उठला.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "मरताना होतात," म्हणाल्या. "आणखी एका वेळेला पण होतात. बसा."

साहेब बसले. मी उभा. शेजारी धाड, धाड. हिरू डंक पोराच्या ताब्यात देऊन आलेली, डोक्यापासून पायापर्यंत तिखटाने लाल. तेवढ्यात तो गोळा मधोमध दबला. लाडू वळताना बोट बसावं तसा. दाब वाढत गेला, कंबर झाली, कंबर दोऱ्याएवढी झाली, आणि एकाच्या दोन झाल्या. दोन्ही शेजारी शेजारी, आणि दोघींनी हळूहळू पाय पसरायला सुरुवात केली.

"बाळंत झाली," हिरू म्हणाली. आणि दारात जाऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अगो, पेशंट बाळंत झाली."

गल्लीत जो कल्ला झाला तो हळदीलाही झाला नव्हता. साहेब किती वेळ पडद्याकडेच बघत होते. मग उठले, बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची नाही मरत, पोंक्षे." एवढंच. पण ते म्हणायला त्यांना किती लागलं असेल ते मला माहीत आहे. मी असतो तर म्हणालो नसतो.

बाईंनी चहा मागितला. कप तोंडाला लागेपर्यंत अर्धा बशीत गेला. कप संपवला आणि मग बशी उचलून तीही संपवली.

मशीन राहिलं. टेम्पो रिकामा परत निघाला तर हिरूने तो अडवला. म्हणाली, रिकामा कशाला नेतोस? पलीकडच्या मोठागाव गावातल्या बायकांचे मसाल्याचे डबे त्यात चढवले, वर बायका चढवल्या. टेम्पो आलेला मशीन न्यायला, गेला मसाला घेऊन, ड्रायव्हर गल्ली संपेपर्यंत शिंकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात डिंकाचे लाडू आले, एका घरून नाही, घराघरातून. बाईंनी विचारलं, हे कशाला? तर बाळंतिणीला. भर उन्हाळ्यात बाईंनी ते सगळे खाल्ले आणि उष्णतेने तोंड आलं म्हणून तक्रार माझ्याकडे केली.

पुढे त्यांचं नाव बाहेरच्या देशांत छापून आलं. ठाण्यात त्यांना मोठी जागा मिळाली, हाताखाली माणसं मिळाली, इस्पितळांतून पेशी यायला लागल्या, नावगाव असलेल्या खऱ्या पेशंटच्या. कोपर सोडायचा दिवस आला तेव्हा परत मसाल्याचा हंगाम होता. मशीन टेम्पोत चढवलं. सगळे म्हणाले, बाई, पुढे बसा, ड्रायव्हरशेजारी. बाई ऐकतात होय. मागे चढल्या, चपला काढून बाजूला ठेवल्या, खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी मशीनला मिठी मारली. मांडीवर पेशींचा गरम डबा. मी म्हटलं, ठाण्यापर्यंत अशाच जाणार? म्हणाल्या, "नाना, रस्ता बघितलाय का तुम्ही?"

टेम्पो निघाला. डंक चालू होता, रांग वळून बघत होती. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. तिथे टेम्पो अडखळला, आणि एवढ्या धडधडीतून बाईंचा आवाज आमच्यापर्यंत आला.

"हळू रे, हळू. इथे सगळं जिवंत आहे."

ड्रायव्हरने पुढची चाकं अलगद उतरवली, मग मागची. आणि टेम्पो ठाण्याकडे वळला.